बाईंनी घाटावर फोन लावला

बाईंना आनंद झाला की त्या टाळी वाजवायच्या. हळू नाही, कीर्तनात वाजवतात तशी, दणदणीत. पेणला माझ्या दुकानात लग्नपत्रिका छापायला आलेली माणसं दचकून वळायची आणि बघतात तर काय, गळ्यात भिंग अडकवलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून ओरडतायत, "अगो बघ बघ, देठावर लव आहे! मी म्हटलं नव्हतं?" समोर कुठल्या तरी गवताचा फोटो. मुलीचा बाप माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. "आमच्या संपादक आहेत," मी म्हणायची, आणि पुन्हा मुहूर्ताच्या ओळीकडे वळायची.

बाई रोह्याच्या. तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या बायका तीर्थयात्रेला निघतात त्या वयात त्यांनी जर्नल काढलं. साधंसुधं मासिक नव्हे हं! झाडांवर, शेवाळांवर, बुरशीवर संशोधन करणाऱ्यांचे इंग्रजी लेख त्यात यायचे. ते तपासून घ्यायचे, पानं लावायची आणि अंक इंटरनेटवर टाकायचा. पानं लावायचं काम माझं. मी बारावी कॉमर्स. झाडांतलं मला कळत होतं ते मेथी आणि शेपू इतकंच. बाई म्हणाल्या, "उत्तम! तुला कळलं नाही तिथे मला विचारशील. कळतंय असं वाटणारी माणसंच घोटाळे करतात."

आलेला लेख त्या-त्या विषयाच्या जाणकारांकडे तपासायला जायचा. हे जाणकार मोठ्या उत्साहाने हो म्हणायचे आणि गायब व्हायचे. बाई त्यांना मेल करत बसायच्या नाहीत, सरळ फोन लावायच्या. "नमस्कार. तब्येत बरी आहे ना तुमची? नाही, तुमचा अभिप्राय आला नाही, म्हणून काळजी वाटली." इतक्या मायेने विचारायच्या की पलीकडचा माणूस शरमेने अर्धा व्हायचा. अभिप्राय त्याच आठवड्यात हजर. परदेशातल्या लोकांनाही त्या असंच इंग्रजीतून छळायच्या. मला तर हसू आवरायचं नाही.

हल्ली लेखही मशीनकडून लिहून घेतात लोक. एकदा असाच एक गुळगुळीत लेख आला. मला वाटलं, वा, किती स्वच्छ! बाईंनी दोनदा वाचला आणि लेखकाला फोन लावला. "फुलाला वास कसा होता हो?" तो म्हणाला, बघून सांगतो. "बरं, पान चुरगाळल्यावर?" तेही बघून सांगतो. बाईंनी फोन ठेवला. "ज्याने झाड हुंगलंच नाही, त्याचं मी कशाला छापू?"

आणि ते भिंग! ते घेऊन त्या कुठेही घुसायच्या. गणपतीची मूर्ती त्या हमरापूरच्या कारखान्यात सांगायच्या. एकदा मीही सोबत होते. तिथे एका मूर्तीच्या हातातल्या कमळाला भिंग लावून म्हणाल्या, "पाकळ्या फार कमी झाल्या हो." रंगवणारे काका ब्रश न थांबवता बोलले, "बाई, गणपतीनं अजून तक्रार केली नाय." बाईंनी अशी टाळी वाजवली की शेजारच्या कारखान्यातून माणसं डोकावली. पुढच्या वर्षी त्याच काकांनी लांबूनच हाक मारली, "या बाई, मोजा आता!" कमळ भरगच्च झालं होतं.

पण बाई खऱ्या कशा होत्या ते मला कळलं नीलेशमुळे. नीलेश कासूचा, बाईंचा जुना विद्यार्थी. घरची खाडीकाठची, खाजणातली शेती, आजा मिठागरावर राबलेला. आता तो स्वतः कॉलेजात शिकवतो. एक दिवस धापा टाकत दुकानात आला आणि ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वेल बाईंपुढे ठेवली. खाडीच्या बांधावर पसरणारी, नखाएवढ्या जांभळ्या फुलांची. "बाई, ही कुठल्याच पुस्तकात नाय." बाईंनी भिंग लावलं. मी टाळीची वाट बघत होते, पण त्या उठल्याच. "चल, जिथे उगवलीय तिथे चल." त्याच दुपारी आम्ही मेमू गाडीने जाऊन कासूला उतरलो. बांधावर चिखलात गुडघे टेकून बाई ते फूल बघत राहिल्या, आणि मग आली टाळी! बगळे उडाले. जगात कुणीच न नोंदवलेलं झाड! नीलेशने नावही ठरवून ठेवलं होतं, कासूचं. जिथे गाडी थांबते न थांबते त्या आमच्या कासूचं नाव जगातल्या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत जाणार! मला तर आनंदाने काही सुचेना.

पण शर्यत होती. घाटावरच्या एका प्रोफेसरांना तीच वेल दुसऱ्या खाडीत सापडली होती. तेही लिहीत होते. या शास्त्रात ज्याचं आधी नीट छापून येईल, त्याने दिलेलं नाव कायमचं. दुसऱ्याने मग कितीही कष्ट केलेले असोत. नीलेशला परदेशातलं मोठं जर्नल मिळालं असतं, पण तो हटून बसला, कासूचं झाड बाईंकडेच छापायचं.

जाणकारांचे अभिप्राय आले, आम्ही झपाटल्यासारखं काम केलं, अंक निघाला. मी पेढे आणले. नीलेशच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट पाठवली. दुकानात नुसता जल्लोष! दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगो, घात झाला."

झालं होतं असं. नव्या झाडाचा पहिला वाळवलेला नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवलाय, ते लेखात छापावंच लागतं. ते नसेल तर नाव धरतच नाहीत, झाड बिननावाचंच. नीलेशने ते लिहिलं होतं. कंसात संग्रहालयाची खूण होती, चार अक्षरांची. पण शेवटच्या घाईत एक ओळ पुढच्या पानावर जात होती. ती वर घेण्यासाठी बाईंनी इकडचे तिकडचे शब्द कापले, त्यात तो कंस उडाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या बाईंच्या हातून!

मी म्हटलं, "बाई, एवढंच ना? मी गुपचूप फाइल बदलते. रात्रीतून कोण वाचतंय? कुणाला नाय कळणार." खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "एकदा निघालेला अंक बदलायचा नाही," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती वेगळी छापायची. चूक संपादकाची, असं स्पष्ट लिहायचं. आणि नाव धरलं जाईल ते दुरुस्तीच्या दिवसापासून."

"आणि तेवढ्यात घाटावरच्यांनी छापलं तर?"

"तर त्यांचं नाव राहील."

नीलेशला बोलावलं. बाईंनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं. तो रडवेला झाला, पण म्हणाला एवढंच, "लवकर करूया बाई." बाई तशातही म्हणतात, "आधी संग्रहालयात जा. नमुना जागेवर आहे ना, डोळ्यांनी बघ, फोटो पाठव. मग छापीन." मला कपाळावर हात मारावासा वाटला! तो बिचारा धावला.

आणि मग बाईंनी जे केलं त्याने मी हादरलेच. त्यांनी फोन उचलला आणि घाटावरच्या सरांना लावला. "सर, आमच्या अंकातलं नाव अजून पक्कं नाही. माझ्या हातून नमुन्याची नोंद राहिली. तुमचं काम माझ्या चुकीवर उभं राहू नये, म्हणून सांगते." पलीकडून काही बोलणं झालं, बाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी भडकलेच. "बाई! शर्यतीतल्या माणसालाच सांगितलंत? आता तो लगेच छापेल! नीलेशचा काही विचार?" गिऱ्हाइकं ऐकत होती, मला फिकीर नव्हती. बाई म्हणाल्या, "अगो, ते सर आमचं बिनबुडाचं नाव खरं धरून त्यावर पुढचं लिहितील. मला ठाऊक असताना मी गप्प कशी बसू?"

फोटो आला. दुरुस्ती लावताना मी एकेक अक्षर दोनदा ताडून पाहिलं. टाकली एकदाची. मग वाट बघणं. रोज मी घाटावरच्यांचा लेख आला का बघायची. काही आठवड्यांनी आला. मी उघडला, नाव शोधलं आणि दुकानातच किंचाळले, "कासूच हाय! बाई, कासूच!" त्यांनी आमचंच नाव वापरलं होतं. बाईंच्या टाळीने त्या दिवशी रस्त्यावरची रिक्षा थांबली.

पुढे आमचा यावरून कायम वाद. मी म्हणायची, त्यांचा लेख कुठे तरी अडकला असणार, नशीब म्हणून वाचलो. बाई म्हणायच्या, "माणूस सभ्य आहे." मी म्हणायची, "तुम्हाला सगळेच सभ्य वाटतात." त्या हसायच्या.

गेल्या साली बाई गेल्या. हातात तपासायचा लेख होता, झोप लागावी तशा गेल्या. जर्नल आता नीलेश चालवतो, पानं मीच लावते. बाईंची बातमी कळल्यावर घाटावरच्या सरांचा दुकानात फोन आला. मला राहवेना, मी विचारलंच, "सर, तेव्हा तुमचा लेख अडकला होता ना?"

"छे," ते म्हणाले. "त्याच सकाळी मंजूर होऊन आला होता. 'छापा' म्हणून कळवायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बाईंचा फोन आला. तसं ऐकल्यावर मी काय पळत सुटणार होतो? लेख थांबवला, तुमची दुरुस्ती येऊ दिली आणि आमचं नाव काढून तुमचं घातलं."

सरांचे आभार मानून फोन ठेवला. समोरच्या गिऱ्हाइकाला थांबा म्हटलं आणि रडत रडतच नीलेशला फोन लावून सगळं सांगितलं. त्याने मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "ताई, हे बाईंना कळायला पायजे होतं गो."

"माणूस सभ्य आहे, हे त्यांना ठाऊकच होतं रे," मी म्हटलं. "कळायला उशीर आपल्याला झाला."