दोघांचं सोवळं

खरं सांगायचं तर त्या वर्षी मला देवाचा कंटाळा आला होता. देवाचा म्हणण्यापेक्षा देवाच्या माणसांचा. मलिंगार या आयरिश गावातल्या हॉस्पिटलात मी डॉक्टर. दिवसभर पीपीई चढवून कोविडच्या वॉर्डात उभं राहायचं आणि घरी आलं की दोन कर्मठ माणसांमध्ये मध्यस्थी करायची. एक माझी आई. ती २०२० च्या मार्चमध्ये मिरजेहून दोन महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानं बंद झाली तशी इथेच अडकली. दुसरे आमचे शेजारी, ऐंशीच्या घरातले बॅप्टिस्ट पास्टर, एकटेच राहणारे. आमच्या दोन्ही परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून काय गेलेलं चालतं आणि काय नाही, याच्या वाटाघाटींत माझे सुट्टीचे दिवस जायचे.

आई पास्टरांनी केलेला ब्रेड खायची नाही, कसल्या भांड्यात केला असेल कुणास ठाऊक म्हणून. पास्टर आईच्या हातचा लाडू घ्यायचे नाहीत, कारण तो मूर्तीपुढे ठेवलेला. आईला म्हटलं, देवाला न दाखवता दे की एखादा. तिने डब्याचं झाकण लावलं. आमच्याकडे नैवेद्याआधी मीठसुद्धा चाखून बघत नाहीत, तिथे लाडू काढून द्यायचा म्हणजे झालंच. मग पास्टरांना म्हटलं, अहो, मूर्ती काही खात नाही, लाडू होता तसाच आहे. ते म्हणाले, "मग ठेवता कशाला तिच्यापुढे?" मी कपाळावर हात मारून घेतला. यात त्या दोघांचं एकमेकांशी काही बिनसलं नाही, हे आणखी वर. आई म्हणायची, "नेमाचे आहेत हो ते." पास्टर म्हणायचे, तुमच्या आईला तत्त्वं आहेत, डॉक्टर. दोघांच्या मते वाया गेलेली काय ती मी.

उन्हाळ्यात पास्टरांनी मला चार जाड पुस्तकं दिली. मी ती सॅनिटायझरने पुसून घरात घेतली. सगळी बॅप्टिस्ट उपदेशकांची चरित्रं, आणि सगळे स्वतःला अभिमानाने फंडामेंटलिस्ट म्हणवणारे. दारुडा बाप, गरिबी, मग तंबूतल्या सभेत एके दिवशी झालेला मनाचा पालट, आणि तिथून पुढे आयुष्यभर भांडणं. एकाने आपलं चर्च सोडलं, कारण तिथे बायबलमधल्या शास्त्रवचनाबद्दल शंका घेणाऱ्यांना व्यासपीठावर बसवलं. इथवर मी समजू शकत होते. पण पुढे त्याने आपला जिवलग मित्रही सोडला. मित्राची श्रद्धा अगदी याच्यासारखीच, पण तो त्या शंकेखोरांबरोबर जेवला होता. हे वाचून मला आमच्या मिरजेच्या आळीतले किती तरी जण आठवले. चौथं पुस्तक मी अर्ध्यातच मिटलं.

पुस्तकं परत करताना वैतागून विचारलं, तुमच्यात फंडामेंटलिस्ट म्हणायचं तरी नेमकं कुणाला? त्यांनी बोटांवर सांगितलं. शास्त्रात चूक नाही. ख्रिस्त कुमारीच्या पोटी जन्मला. आमच्या पापांसाठी मेला. देहासकट उठला. आणि परत येणार आहे. "हे मानणारे पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "यासाठी जो वेगळा निघतो आणि त्याची किंमत मोजतो, तो फंडामेंटलिस्ट." मी मनात म्हटलं, छान, म्हणजे शेवटी एकटंच बसायचं. तोंडाने मात्र इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हणून आत आले.

डिसेंबरात दत्तजयंतीच्या आधी आईने पोथीचं पारायण धरलं. सात दिवस पहाटे उठून वाचायचं आणि दुपारी नैवेद्य दाखवून एकदाच जेवायचं. वय चौऱ्याहत्तर, त्यात मधुमेह. मी दोन दिवस वाद घातला, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी चिडून म्हणाले, कर काय करायचं ते, पण काही झालं तरी सकाळची आठची गोळी चुकवायची नाही. ती म्हणाली, नाही चुकवणार. आणि मी कामावर निघून गेले.

चौथ्या दिवशी जे घडलं ते मी पास्टरांच्या तोंडून ऐकलं, तसंच लिहिते. नैवेद्य झाल्यावर आई ताट घेऊन परसात आली. ताटातला गाईचा घास ती रोज भिंतीवर ठेवायची. थंडीत इथल्या गाई गोठ्यात असतात, म्हणून तो कावळ्यांना जायचा. भिंतीपाशी येताच ती घसरत खाली बसली. कडाक्याच्या थंडीत तिला दरदरून घाम फुटला होता आणि ती असंबद्ध बोलत होती. पास्टरांच्या दिवंगत पत्नीला मधुमेह होता, त्यामुळे त्यांनी ओळखलं की साखर उतरली आहे. ऐंशी वर्षांचा माणूस भिंत ओलांडून आला. खिशातलं गोड बिस्किट त्यांनी तिच्या ओठांशी धरलं. आईने दात आवळले आणि मान फिरवली. मग त्यांनी ताटातली पंचामृताची वाटी उचलली आणि तिला चमच्याने थोडं थोडं पाजलं. प्रसाद म्हटल्यावर तिने तोंड उघडलं. ती बोलायला लागल्यावर त्यांनी अँब्युलन्सला आणि मला फोन केले.

मी पोचले तेव्हा अँब्युलन्सचे लोक तिला तपासून निघत होते. आई ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसली होती. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "गोळी नाही हं चुकवली. आठला घेतली." उपाशीपोटी ती गोळी म्हणजे साखर उतरणारच, हे वैद्यकीच्या पोराला कळतं. ती घ्यायला लावणारी मी होते. नियम सांगितला आणि तो कशासाठी आहे ते सांगायचा मला कंटाळा आला होता. वर्षभर मी त्या दोघांना हसत होते. माझी लाज मलाच वाटली.

पास्टर बाहेर भिंतीला टेकून उभे होते. मी विचारलं, घरातून नुसती साखर का नाही आणलीत? ते म्हणाले, "बिस्किटाला जे केलं तेच साखरेला केलं असतं. पण तिच्या देवापुढचं ती नाकारणार नाही, हे मला ठाऊक होतं." जे शिवू नका असं चाळीस वर्षं लोकांना सांगितलं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने भरवलं होतं. रविवारी त्यांची मंडळी फोनवरून प्रार्थनेला जमायची, त्यांना त्यांनी ते आपणहून सांगितलंही. मंडळींनी त्यांना उपदेश थांबवायला सांगितला. माझा संताप झाला. कशाला सांगायला गेलात, कुणी पाहिलं होतं? "ज्याने पाहायचं त्याने पाहिलं," ते म्हणाले. "चूक होती ती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन."

आईने राहिलेलं वाचन पुरं केलं, सकाळी आधी पोटभर खाऊन. दत्तजयंतीला तिने शिरा केला. देवापुढे पान मांडायच्या आधी तिने एक वाटी भरून घेतली, झाकली आणि परसाकडे निघाली. मला वाटलं विसरली. म्हटलं, "आई, अजून नैवेद्य नाही दाखवलास."

"म्हणूनच. नंतरचं त्यांना चालत नाही."

पास्टरांनी वाटी उघडून आईकडे पाहिलं. तिने देवघराच्या दिशेने बोट केलं आणि मान हलवून "नो" म्हणाली. त्यांनी डोळे मिटून आपली प्रार्थना केली आणि थंडीत उभ्या उभ्या सगळा शिरा खाल्ला. त्यांचं होईपर्यंत आई थांबली. मग आत येऊन तिने हात धुतले आणि उरलेल्या शिऱ्याचा नैवेद्य दत्ताला दाखवला. मी मागे उभी होते. त्या वर्षात पहिल्यांदाच मी देवाकडे काही मागितलं नाही. नुसता नमस्कार केला.