हार्डटेल की फुल सस्पेन्शन? कौल तारापूरच्या बोंबलांचा

सायकल एकच घ्यायची, दोघांनी वापरायची आणि बिल्डिंगला लिफ्ट नसल्याने तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायची, इथपर्यंत माझं आणि माझ्या बायकोचं, मेधाचं, एकमत होतं. पुढे फाटलं. मला हवी होती फुल सस्पेन्शन, पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली. कमरेचीच तशी मागणी होती. मेधाला हवी हार्डटेल. शॉक फक्त पुढे, मागून साधी, वजनाला हलकी.

शेवटी पालघरच्या दुकानदाराने दोन्ही सायकली एका रविवारपुरत्या आमच्या हवाली केल्या. "आवडेल ती ठेवा. पण परत येईल ती जशी नेली तशीच आली पाहिजे," असं त्याने दोनदा बजावलं.

उमरोळीपर्यंत डांबरी रस्ता. उजाडायच्या आत निघा, नाहीतर ऊन भाजून काढतं. इथे माझी पंचाईत झाली. पॅडल मारलं की माझी सायकल आधी खाली बसायची, मग सावकाश पुढे जायची. मेधा दर वळणावर थांबून विचारायची, "शॉक चांगले आहेत ना?" मी नुसती मान डोलवायचो, कारण बोलण्याइतका दम उरला नव्हता. उमरोळीच्या गरम वडापावाने जीव परत आला.

बोईसरला मात्र माझे दिवस पालटले. कारखान्यांच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून मी पालखीत बसल्यासारखा निघालो आणि मेधाचे दात वाजायला लागले. (शिफ्ट सुटायची वेळ टाळा, सगळ्या बस एकदम बाहेर पडतात.) चहाच्या टपरीवर एका कामगाराने माझ्या मागच्या शॉकवर बोट ठेवलं. "भैया, इंजन यही है क्या?"

"इंजन नहीं, आराम के लिए है."

"तो इतना पसीना क्यों?"

मेधाने त्याच्या चहाचेही पैसे दिले.

पाम गाव मागे टाकून दुपारी तारापूरजवळच्या किनाऱ्यावर पोचलो. जाताना ओहोटीची वेळ बघून जा, वाळू घट्ट असते. कोळीवाड्यासमोर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. बोंबील टांगणाऱ्या मावशींशी मेधा गप्पा मारत बसली, मी सायकली तिथेच ठेवून खाणावळ शोधायला गेलो. मी फोन केल्यावर ती आली ती हसतच. ताजे बोंबील फ्राय आणि तांदळाची भाकरी! त्या जेवणासाठी मी तीनचाकी सायकलवरही पुन्हा जाईन.

परत आलो तर हार्डटेल दिसेना. होती तिथेच, पण हँडलपासून सीटपर्यंत बोंबलांच्या जोड्या लटकत होत्या.

"मावशी, हे काय?"

"वलांडी भरली ना! आज बोंबील जाम हाय. तुमची ती दुसरी डुगडुगते, हिच्यावर बरे बसतात. काडते मी, घाबरू नका."

बोंबील निघाले, वास निघाला नाही. हातपंपावर धुतली, लिंबू चोळलं. बोईसरपासून उमरोळीपर्यंत दोन कुत्री मेधाच्या मागे निष्ठेने धावली. पालघरला दुकानदार दारातूनच नाक दाबून म्हणाला, "ही तुमचीच."

माझी फुल सस्पेन्शन परत देताना खरंच वाईट वाटलं.

घरी मी अजून कुरकुरतच होतो, तेव्हा मेधाला हसू आवरेना. "मावशींना मीच म्हटलं, जागा नाहीये तर माझ्या सायकलवर टांगा."

"अगं, पण का?"

"तुझी ती जड सायकल मला जिन्यावर उचलता आली नसती. तुला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू कमरेबद्दल बोलत होतास. दोघांची म्हणून घेतली असती आणि तू एकट्याने चालवली असतीस."

मी आणखी एक लिंबू कापलं आणि सायकल चोळायला बसलो.

आता रविवारी पहाटे मेधा सायकल खांद्यावर टाकून जिना उतरते आणि मी गॅलरीतून बघतो. माझी पाळी संध्याकाळी. खाली वॉचमनची मांजर सायकलची वाट बघत बसलेली असते. सायकल फाटकाबाहेर पडेपर्यंत ती मागोमाग जाते.