झाडाला विचारून

वडील गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात ते मला दुपारी दिसायला लागले. अकोल्याच्या जठारपेठेतल्या माझ्या भाजीच्या दुकानाकडे दोन ते चार कोणी फिरकत नाही. ओल्या गोणपाटाखाली पालक निजलेला असतो, माझेही डोळे मिटतात. तेवढ्यात बाबा समोर उभे. कमरेला तेच मळकं धोतर, हात रिकामे. "बसा ना बाबा," म्हटलं की ते इकडेतिकडे बघतात, जागाच सापडत नसल्यासारखे. मग एखादी रिक्षा हॉर्न देते आणि समोर नुसती वांग्यांची टोपली उरते.

मी हे आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती अकोटजवळच्या नव्या गावात राहते. नवं म्हणजे मेळघाटातून उठवून सपाटीवर आणून बसवलेलं आमचं कोरकूंचं गाव. वाघांसाठी जंगल मोकळं हवं होतं. आम्हाला काळी जमीन मिळाली, पत्र्याची घरं मिळाली. मागे राहिले ते मुंडे.

मुंडा म्हणजे सागाची कोरलेली फळी. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. आमच्यात माणूस गेला की सिडोलीचा विधी करतात आणि त्याचा मुंडा कुळातल्या मुंड्यांच्या रांगेत रोवतात. तोवर तो भटकत राहतो. ती रांग आता जंगलाच्या फाटकाच्या पलीकडे आणि फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे. हा राग मी इतकी वर्षं सांभाळून ठेवला आहे. दुसरं काही एवढं नीट सांभाळलं नसेल.

"बसायले जागा नाई त्याले," आत्या म्हणाली. "मुंडा रोव." आत्या कोरकूत बोलते. इथे मी ते वऱ्हाडीत लिहिते, कारण माझी निम्मी स्वप्नंही आता वऱ्हाडीतच पडतात.

सिडोलीची गाणी आमच्या कुळात फक्त तिला येत होती आणि चार पावलं चालली तरी तिला दम लागत होता. उशीर करून भागणार नव्हतं. मी लगेच कामाला लागले. रानभाजीची टोपली डोक्यावर घेऊन या शहरात आलेली बाई मी. आज माझं स्वतःचं दुकान आहे ते केवळ घासाघीस येते म्हणून. लाकडाच्या वखारीत एक सकाळ घालवली. वखारवाला घामाघूम झाला, शेवटी हात जोडून म्हणाला, "ताई, घेऊन जा, पण पुन्हा येऊ नका." असा बिनगाठीचा, बिनभेगेचा सागाचा तुकडा टेम्पोत घालून मी आत्याच्या अंगणात उतरवला.

आत्यानं तो हुंगून पाहिला. बोटानं टकटक केलं.

"झाडाले कोनं इचारलं?"

"वखारवाल्याले इचारलं ना."

"तो झाड हाय का?"

"आत्या, पाह्य तरी, एक गाठ नाई याच्यात—"

"मले कायले सांगून राहिली? मी गिऱ्हाईक हाय का तुई?"

मी तणतणत टेम्पोवाल्यालाच चार शब्द सुनावले. त्याचा काही दोष नव्हता. आत्या शांतपणे चिंचा सोलत होती. मुंड्यासाठी साग तोडायचा तर आदल्या दिवशी हळद-तांदूळ घेऊन झाडाकडे जायचं, कोण गेलं ते सांगायचं, "तू येतो का?" म्हणून विचारायचं आणि रात्रभर त्याला विचार करू द्यायचा. हे मला लहानपणी माहीत होतं. अकोल्यात विसरले.

मग तिनं तिच्या आज्याची गोष्ट सांगितली. ती मला ऐकल्यासारखी आठवत नाही, पाहिल्यासारखी आठवते.

गोऱ्या साहेबाचं राज्य नुकतंच डोंगरावर चढलं होतं. सकाळी धुक्यातून माणसं यायची आणि सागाच्या बुंध्यावर हातोड्यानं शिक्का मारायची. ठक, ठक. ज्यावर शिक्का ते सरकारचं. आमच्या लोकांना वाटलं, झाडाला कसलातरी आजार आहे, त्याची खूण करत असतील. मग कळलं की दह्या करायची नाही, म्हणजे रान जाळून राखेत कुटकी पेरायची नाही. लाकडाला हात लावायचा नाही. वर साहेबाच्या रस्त्यावर बिनमजुरीचं काम करायचं.

त्याच साली आज्याचा बाप गेला. आज्या हळद-तांदूळ घेऊन एका शिक्क्याच्या सागाकडे गेला, विचारलं, दुसऱ्या सकाळी तोडला. फळी कोरून झाली आणि शिपाई आले.

साहेबानं दुभाष्याकडून विचारलं, "कोणाला विचारून तोडलं?"

"झाडाले."

"मग काय म्हणालं झाड?"

"येतो म्हने."

त्याच्या पाठीवर इतक्या छड्या बसल्या की तो पुढे जन्मभर पालथाच झोपला. मुंडा जप्त करून खाली परतवाड्याच्या डेपोत नेला. आणि मुंड्यामागे गाव निघालं. बायका, म्हातारे, कोंबड्या, ढोल, बासऱ्या. ज्याची सिडोली तो जिथे, सिडोली तिथे. डेपोच्या आवारात सागाच्या थप्प्यांमध्ये त्यांनी चुली मांडल्या आणि गायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी आजूबाजूची गावं आली. वर डोंगरात रस्ता अर्धा पडून राहिला, कुऱ्हाडी पडून राहिल्या, गाड्या भरायला माणूस नाही. साहेब व्हरांड्यात बसायचा. आत्याच्या मते, शेवटी शेवटी त्याचा पाय ढोलाच्या तालावर हलायचा. किती दिवस गेले तिला ठाऊक नाही. एका सकाळी साहेबानं मुंडा उचलून न्यायला सांगितलं.

"तो हरला," मी म्हटलं.

"हरते कायचा? जंगल तं त्याच्याजवळच राह्यलं. पन त्याले आमचे हात पाहिजे होते. ते आमी घरी घेऊन आलो."

शाळेत मी राजे पाठ केले, किल्ले पाठ केले. ढोलावर हलणारा हा पाय कुठल्याच धड्यात नव्हता.

मग आत्यानंच झाड पाहिलं. शेजारच्या गावातल्या एका कुणब्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, साग होता. तो तोडायचा म्हणून त्यानं परवानगीही काढून ठेवली होती. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर आत्यानं मला घरी पाठवलं. ती एकटीच संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसली. कुणबी मला नंतर म्हणाला, "बाई, तुमची आत्या झाडासंगं गप्पा मारत होती. मी चहा पाठवला, तं झाडालेही एक कप मागतला."

दुसऱ्या सकाळी साग तोडला, त्याचा मुंडा कोरून झाला. आता उरली जंगलात जायची परवानगी. वनखात्याच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, तीन माणसं, दोन तास. मी पाच वेळा गेले. पाचव्या वेळी ते वैतागून म्हणाले, "बाई, हा भाजीबाजार नाही."

"बाजार असता तं मी कवाच दुसऱ्या दुकानात गेली असती. तुमचं एकच दुकान हाय, साहेब."

ते हसले आणि दहा माणसं, दिवस मावळेपर्यंत, असं लिहून दिलं. खाली एक अट होती. लाकूड आत न्यायचं नाही, आतलं बाहेर आणायचं नाही. मी दहाच्या आनंदात ती अट नुसती डोळ्यांखालून घातली. कागद नाचवत आत्याकडे गेले.

तिनं तो माझ्याकडून वाचून घेतला. "आन् माहा भाऊ?"

दहा माणसं मिळवली होती आणि ज्याच्यासाठी जायचं त्यालाच बाहेर ठेवून आले होते. राग आला की मी समोरच्यावर ओरडते. त्या दिवशी आत्यावर ओरडले. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी फक्त माझ्या नवऱ्याशी बोलली, "जावई, तुमी घरीच राहा." कारण सांगितलं नाही. तो रुसून बसला.

माघातल्या सकाळी आम्ही जीपनं निघालो. धुकं इतकं की रस्ता आपणहून आमच्याखाली येतोय असं वाटत होतं. मुंडा पांढऱ्या कापडात, हळद लावलेला, आत्याच्या आणि माझ्या मांडीवर आडवा. मी पेंगत होते. त्याचं वजन मांडीवर कधी लाकडाचं वाटे, कधी नाही.

फाटकावर खाकीतला पहारेकरी आला. कागद वाचला, मग आत पाहिलं. "लाकूड नेता येणार नाही. लिहिलंय इथं."

माझं तोंड उघडलं होतं. आत्यानं माझा गुडघा दाबला आणि खाली उतरली. "मानसं किती लिहेली हायेत?"

"दहा."

"मोज."

त्यानं मोजली. "नऊच आहेत."

आत्यानं पांढऱ्या कापडावर हात ठेवला. "हा दहावा."

त्यानं वाकून कापडाची हळद लागलेली कड पाहिली. मग पहारेकऱ्यानं आमच्या कोरकूत हळूच विचारलं, "नाव काय याचं, आजी?"

तिनं सांगितलं. त्यानं नोंदवहीत नऊ नावांखाली माझ्या बाबांचं नाव लिहिलं. वयाच्या रकान्यापाशी थबकला, तो रकाना रिकामा सोडला आणि फाटक उघडलं.

गावाची जागा मला ओळखू आली नाही. घरांच्या जागी पुरुषभर गवत, त्यात मोहाची झाडं बुडालेली. आत्याला रांग डोळे मिटूनही सापडली असती. काही मुंडे वाळवीनं खाल्ले होते, काही एकमेकांवर कलले होते, सूर्य-चंद्र पुसट झालेले. ती बसून गायली. मधेमधे थांबून दम घ्यायची, तेवढा वेळ बासरी वाजत राहायची.

खड्डा मीच खणला. बाबांना उभं केलं आणि चारी बाजूंनी माती लोटली. ऊन वर आलं होतं, धुकं गवतातून निघून चाललं होतं. मी टाचेनं माती दाबत होते.

आत्यानं मुंड्याला हात लावून पाहिला. "जोरानं दाब," ती म्हणाली. "अजून हालून राहिला."