व्हॅन आता कुठे आहे

सुरतच्या नवागाममध्ये वाढलेल्या रंजनाने शाळेच्या व्हॅनसाठी मोबाइल ॲप बनवलं, ते आपल्या आईसारख्या बायकांसाठी. कारखान्यातलं काम टाकून त्यांना मुलांना आणायला जाता येत नाही. चालक हिलालकाकांच्या फोनमधलं ॲप व्हॅनची जागा सर्व्हरला कळवत राही आणि आया ती आपल्या फोनवर पाहत.

एका दुपारी अशाच एका आईच्या, शिलाई कारखान्यातल्या शोभाबाईंच्या फोनवर व्हॅन शाळेपाशीच थांबलेली दिसत राहिली. त्या धावत शाळेत गेल्या, तर फाटकाला कुलूप. त्यांनी रंजनाला फोन लावून आपल्या खानदेशी बोलीत विचारलं,

"मनी पोर कोठे शे?"

पोर घरी सुखरूप पोहोचली होती. पण शोभाबाईंनी ॲप काढून टाकलं.

ॲपचं ऑफिस चालवणारा ललित म्हणाला, "स्क्रीन बंद झाली की ॲप थांबत असेल. काकांना ती चालू ठेवायला सांग. प्रश्न मिटला."

"गाडी चालवताना त्यांचं लक्ष फोनकडे जाईल. नाही सांगणार," रंजना म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती लॅपटॉप घेऊन व्हॅनमध्ये बसू लागली. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला फोन तिचं ॲप झोपवत होता. उड्डाणपुलाखाली नेटवर्क गेलं, की पाठवायची माहिती ॲप सरळ टाकून देत होतं. तिने स्क्रीन बंद असतानाही पाठीमागे चालणारा भाग नव्याने लिहिला. फेरी संपेपर्यंत फोनवर 'फेरी सुरू आहे' अशी सूचना दिसत ठेवली, म्हणजे फोन ॲप बंद करणार नाही. न गेलेली माहिती साठवून, नेटवर्क येताच पाठवायची सोय केली. तरी काकांचा फोन ऐकेना. मग सेटिंगमध्ये जाऊन तिने ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढलं.

पण तिला खरं बोचत होतं ते वेगळंच. व्हॅनकडून माहिती येणं थांबल्यावरही ॲप जुनी जागा आताची म्हणून दाखवत होतं. तेही तिने बदललं आणि शोभाबाईंकडे गेली.

"परत चुकलं तर?" त्यांनी विचारलं.

"चुकणारच नाही, असं म्हणत नाही मावशी. पण खबर नसली, तर नाही असंच सांगेल."

शोभाबाईंनी ॲप परत टाकायला फोन पुढे केला.

पावसाळ्यात एकदा व्हॅन पाण्यात अडकली. शोभाबाईंच्या फोनवर आलं: 'सध्या संपर्क नाही. शेवटची जागा डिंडोली.' त्यांनी हिलालकाकांना फोन केला, मुलीचा आवाज ऐकला आणि त्या पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या.