किहीमच्या व्हरांड्यातला दुभाषी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. नऊ वर्षं झाली. दरवेळी सांगायला जातो आणि दुसरंच काहीतरी बोलून उठतो. आज मात्र ठरवून बसलोय — शेवटचं वाक्य लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही. तुम्ही फक्त ऐका.

तेव्हा मी मुंबईला कॉलेजात होतो. माझ्या शेजारच्या खोलीत सिलोनहून शिकायला आलेले तिघं राहायचे. घरदार समुद्रापलीकडे, सुट्टीत जाणार कुठे बिचारे? त्यांच्यातला पियदास माझा जिवाभावाचा मित्र. त्याच्या मामांच्या ओळखीचा एक गोरा साहेब होता, किहीमला त्याचा बंगला. त्याने नाताळच्या सुट्टीत आम्हाला चार दिवस फिरायला आपली मोटार दिली, आणि ती चालवायला आपला ड्रायव्हर धाकू.

धाकू तळा गावाकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. पंचविशीचा असेल. दोन वर्षं साहेबाची मोटार नुसती धुतली-पुसली, तेव्हा कुठे चाक हातात मिळालेलं. त्याच्या गावात मोटार चालवणारा तो पहिलाच. छातीवरचा ड्रायव्हरचा पितळी बिल्ला दर मुक्कामाला बाहीने घासायचा. आम्ही हसायचो.

अलिबाग, पेण, माणगाव, मग म्हसळ्याकडचे डोंगर. वळणावळणाला खाली समुद्र दिसतोय न दिसतोय. सिलोनकर खूश — अगदी आमच्या गावासारखं, म्हणायचे. आणि मी? मी तर त्या मोटारीतला राजाच! ह्या झाडाचं नाव काय, तो किल्ला कुणाचा, ती बाई काय म्हणाली — सगळं मलाच विचारायचं. मराठी येणारे दोघंच, मी आणि धाकू. आणि दोघांत इंग्रजी येणारा मी एकटा. माहीत नसलेलंही ठोकून देत होतो. कोण पकडणार होतं मला?

मी मूळचा श्रीवर्धनचा, सुपारीच्या बागेतला. पण दहाव्या वर्षीच शिकायला मुंबईला गेलो. म्हणजे समुद्राकाठचा तो नावापुरता. हे तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

एक रात्र आमच्या घरी काढली. सकाळी न्याहारी करून पुढच्या गावाला निघालो. डोंगरातून गेलं तर मोठा वळसा. वाळूवरून गेलं तर मध्ये लहानशी खाडी लागते. ओहोटीला तिच्यातून बैलगाड्या सहज जातात. आमच्याकडे त्या वेळेचा हिशेब पोरंसोरं करतात — तिथीची पाऊणपट काढायची, की झालं. त्या दिवशी आईचा संकष्टीचा उपास, म्हणजे चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. मी ऐटीत धाकूला सांगितलं, तीन वाजता पूर्ण ओहोटी, आत्ता साडेअकरा झालेत, पाणी उतरत चाललंय.

कपाळ माझं! पाऊणपट काढून निघते ती भरतीची वेळ. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे चुकत नाही.

धाकूने काठावर मोटार थांबवली. खाली उतरला, पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली आणि उकिडवा बसून राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, काटकी बुडाली. पानी चढतंय. थांबू या." भातशेतीतला माणूस, तिथीचा हिशेब त्याला कुठला? नुसते डोळे उघडे ठेवले होते त्याने. आणि मी काय म्हणालो? "तू तळ्याचा. तुला समुद्रातलं काय कळतंय? घाल गाडी." मागच्या सीटवरून सिलोनकर बघत होते ना! त्यांच्यापुढे माघार घेऊ?

त्याने घातली. मध्यावर चाकं रुतली ती रुतलीच. पाणी बघता बघता कमरेला, मग छातीला. पियदासला पोहता येत नव्हतं. धाकूने त्याला खांद्यावर घेऊन काठाला आणलं. मोटार बुडाली. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर बैल लावून ओढून काढली, पण इंजिनात वाळू आणि खारं पाणी. ती कामातून गेली.

इथपर्यंत ती चूक होती. मूर्खाची, पण चूक. पुढचं ऐका.

किहीमच्या बंगल्यावर साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. आम्ही चौघं समोर, धाकू पायरीखाली. साहेबाला मराठी येत नव्हतं, धाकूला इंग्रजी. मध्ये मी. साहेबाने विचारलं, पाणी चढतंय हे ह्याला दिसलं नाही का? मी ते धाकूला मराठीत विचारलं — बरोबर विचारलं. धाकू म्हणाला, "मी थांबलो व्हतो की. काटकी लावून बगितली. तुमी बोललात ओहोटी हाय, म्हनून घातली. सायबाला सांगा, चूक दोगांची बी हाय. पन मला चाकावरून काडू नका म्हनावं."

आणि मी — लिहितो, लिहितो — मी इंग्रजीत म्हणालो, हा म्हणतोय, भरपूर वेळ आहे असं त्याला वाटलं, म्हणून त्याने आपल्या मनाने गाडी घातली.

पियदासने मला हळूच विचारलं, काठावर तो तुला काहीतरी सांगत होता ना? मी म्हणालो, हेच सांगत होता, काही भीती नाही म्हणून. पियदासने मान हलवली. ज्याच्या खांद्यावरून पाण्याबाहेर आला होता, त्या माणसाकडे त्याने रागाने बघितलं. साहेबानेही पियदासला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, होय, ड्रायव्हर आधी काही बोलला आणि मग त्याने गाडी घातली. त्याने पाहिलं तेवढंच सांगितलं. खोटं सगळं माझं.

भीती तरी कसली होती मला? तुरुंगाची? छे! साहेब फार तर चार शब्द बोलला असता. तीन मित्रांपुढे फजिती झाली असती — बस, एवढंच. एवढ्यासाठी मी एका माणसाचं तोंड वापरून त्याच्याच विरुद्ध बोललो.

बिल्ला काढून टेबलावर ठेव, हा साहेबाचा हुकूम धाकूला मराठीत सांगितला तोही मीच. शिवाय साहेबाने ओळखीच्या मोटारवाल्यांना अशी पत्रं लिहिली, की जिल्ह्यात पुन्हा कुणी त्याला चाकाला हात लावू दिला नाही. आता तो पेणकडे मिठागरावर टोपल्या वाहतो. पियदास सिलोनात डॉक्टर आहे. त्याच्या पत्रांत अजून मधूनच तो 'बेफिकीर ड्रायव्हर' येतो. काल मी त्याला सगळं खरं लिहून टाकलं, साहेबालाही विलायतेच्या पत्त्यावर. उद्या पेणला जातो. धाकू हाकलून देईल, मारेल, थुंकेल — काय करायचं ते त्याने ठरवावं.

एक राहिलं. नऊ वर्षं टाळत आलो ते हेच.

त्या दिवशी बंगल्याबाहेर पडलो तर फाटकापाशी धाकू माझी वाट बघत उभा. मला वाटलं, कळलं ह्याला. आता गचांडी धरणार. मी थांबलो.

त्याने हात जोडले. म्हणाला, "दादा, सायबाशी लय वेळ बोललात माज्यासाटी. न्हाय ऐकलं त्यानं, माजं नशीब. पन तुमी बोललात, ह्ये मी इसरनार न्हाय."

मी म्हणालो, "असू दे, धाकू."