मडगार्डवरची नावं

आमच्या घरात ट्रॅक्टरचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा मी हसले होते. ठाण्याला, नौपाड्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात, कानाला फोन लावून, एका हाताने चपाती लाटत होते आणि आई पलीकडून अगदी घाबरून सांगत होती, "तुजे बाबाचे डोक्यान ट्रॅक्टर शिरलाय. दोन दिवस जेवताना पन तेच."

हसू येण्यासारखंच होतं ते. डोंबिवलीच्या पूर्वेला, शिळफाट्याच्या रस्त्यापासून आत आमचं गाव. आता गाव म्हणायचं ते सवयीनं. माझ्या लहानपणी घराच्या मागच्या दारातून थेट डोंगर दिसायचा, आता टॉवर दिसतात आणि त्यांच्या गच्चीवरचे लाल दिवे. भावकीतल्या बहुतेकांनी जमिनी बिल्डरला दिल्या, बंगले बांधले, बंगल्याला सिंह बसवले. बाबाची तेवढी एकरभर भातशेती राहिली, म्हणजे बांध घातलेली तीन खाचरं. तिन्ही बाजूंनी पत्र्याची कुंपणं, चौथ्या बाजूला एका टॉवरचं मागचं गेट. त्या गेटसमोर सत्तरी उलटलेला माझा बाप ट्रॅक्टर चालवणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू फुटलं.

पण त्याचंही काही चुकत नव्हतं. बैल केव्हाच गेले होते. गेली काही वर्षं शेजारच्या गावातला एक जण ट्रॅक्टर घेऊन यायचा, तासावर भाडं घ्यायचा, नांगरून द्यायचा आणि पाऊस लागला की चिखलणी करून द्यायचा. त्याने आता ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडला. सोसायट्यांना पाणी पुरवतो. त्याला आमच्या तीन खाचरांसाठी टँकर सोडवून नांगर लावायला वेळ कुठला? आणि शेत पडीक ठेवायचं म्हटलं तर आमच्याकडे ते फार दिवस शेत राहत नाही. गवत वाढलेलं दिसलं की कुणाचा तरी डंपर येतो आणि पाडलेल्या इमारतींच्या विटा, फरश्या, संडासाची भांडी आत ओतून जातो. चुलत्याच्या शेताचं तसंच झालं होतं. त्यामुळे ट्रॅक्टर घ्यायचा हे बाबाने ठरवूनच टाकलं होतं. प्रश्न एवढाच होता, नवा घ्यायचा की वापरलेला.

हा प्रश्न त्याने मला विचारला. मी त्याची एकुलती एक. बँकेत नोकरी करते, गाडी चालवते, कागद वाचते, म्हणून मला सगळं कळतं असा त्याचा एक जुना गैरसमज आहे.

मग रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी आम्ही कल्याणला शोरूममध्ये गेलो. बाबाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, लग्नाला घालतो तो. तिथे एक छोटा ट्रॅक्टर होता, अरुंद, आमच्या खाचरात सहज वळेल असा. बाबाने आधी त्याला एक प्रदक्षिणा घातली. टायरवर हात ठेवला. मग विचारलं, "बसू का?" त्या विक्रेत्याने हात द्यायच्या आत तो चढून बसलासुद्धा. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून शोरूमच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिला. माझ्या बापाला इतकं खूश झालेलं मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. लग्नात तो रडत होता.

"काका, एकदम हलका आहे चालवायला," विक्रेता म्हणाला. "नीट ठेवलात ना, तर नातवंडांपर्यंत जाईल. घरी चालवणार कोण पण? तुम्हीच, की अजून कोणी आहे?"

बाबाने वरून माझ्याकडे बघितलं. साधं बघितलं, काही विचारल्यासारखंही नाही. मी पटकन विक्रेत्याला म्हटलं, "वॉरंटी किती वर्षांची आहे?" आणि पुढचा सगळा वेळ मी वॉरंटी, सर्व्हिसिंग, रोटाव्हेटर वेगळा घ्यावा लागेल का, असले प्रश्न विचारत राहिले. इतके की शेवटी तो विक्रेता मलाच शेतकरी समजायला लागला.

घरी येताना बाबा गाडीत शोरूमचं माहितीपत्रक उलटसुलट करत होता. मला वाटलं, किमतीचा विचार करत असेल. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही जुना बघायला गेलो. कल्याणच्या पलीकडे आमच्याच ओळखीत एकाची सगळी जमीन प्रकल्पात गेली होती आणि त्याचा ट्रॅक्टर बंगल्याच्या पोर्चमध्ये जुन्या चादरींखाली झाकून उभा होता. मालक बाबापेक्षा बराच लहान, गळ्यात जाड साखळी. त्याने चादरी काढल्या त्या घाईघाईने नाही, एकेक करून, घडी घालून. बॉनेटवर आमच्या देवीचं नाव होतं, आणि मागच्या मडगार्डवर, दोन्ही बाजूंना एकेक, पिवळ्या रंगात पोरांची नावं. एका बाजूला मुलाचं, दुसऱ्या बाजूला मुलीचं, दोन्हींच्या आधी 'कु.', दोन्हींखाली कमळाचं फूल.

आमच्याकडे ही पद्धतच आहे. गाडी घरात आली, मग ती बैलगाडी असो, रिक्षा असो नाहीतर रेतीची होडी, तिच्यावर वर देवीचं नाव आणि खाली पोराबाळांचं नाव आलंच पाहिजे. नाव नसलेली गाडी म्हणजे कुणाचीच नव्हे. मी लहान असताना बाबाकडे पेंढा वाहायचा टेम्पो होता. त्याच्या कपाळावर माझं नाव होतं, एवढं मोठं की काच कमी आणि नाव जास्त. ठाण्या-मुलुंडच्या तबेल्यांपर्यंत माझं नाव फिरून यायचं. शाळेतल्या मुली चिडवायच्या, "तुझ्या नावाने हॉर्न दिला काल." मला तेव्हा लाज वाटायची. आज त्या टेम्पोचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे.

मालकाने ट्रॅक्टर सुरू केला. जरा खोकला, काळा धूर सोडला आणि मग नीट लागला. बाबाने ऑइल बघितलं, क्लच दाबून बघितला, खाली वाकून गळतंय का ते पाहिलं. मालकाने किमतीचा विषय काढलाच नाही. एवढंच विचारलं, "शेतानच घालनार ना? पान्याचे टँकरला नाय ना जोरनार?"

"नाय रे," बाबा म्हणाला. "माजं भात हाय अजून."

तो माणूस हसला, पण त्याचं तोंड पडलं होतं. त्याची बायको आतून सरबत घेऊन आली आणि ट्रॅक्टरकडे न बघता परत गेली.

आता दोन्ही बघून झाले होते. मी मनातल्या मनात सगळा हिशेब मांडला होता आणि तो सरळ होता. एकर जमिनीला नवा ट्रॅक्टर म्हणजे शुद्ध वेडेपणा. वर्षातले मोजके दिवस चालणार आणि बाकी वेळ उभा राहणार. नवऱ्याचंही तेच म्हणणं. तो मूळचा साताऱ्याकडचा, त्याच्या भावांकडे ट्रॅक्टर आहे, त्यामुळे तो या विषयावर अधिकारवाणीने बोलतो. "जुना घ्या, दुरुस्त करून चालवा, विषय संपला," तो म्हणाला. आईचं तिसरंच. तिला कुठलाच नको होता. ती मला रोज फोन करायची. "तू सांग त्याला, तुजंच ऐकल. त्याची कंबर काय, गुडघं काय. बांधावरून पडला तं कोन हाय इकरं?" मी हो हो म्हणायची आणि फोन ठेवायची. आईला काय सांगू, बाबाला काय सांगू? एकाला सांगितलं की दुसरा मोडतो, असं झालं होतं.

शेवटी बाबानेच मला बांधावर बोलावलं. खास बोलावलं नाही, मी गेले होते तेव्हा म्हणाला, "चल, शेतावर जाऊन येऊ." माझी लेकही आली होती. ती हे शेत म्हणजे आजोबांचा फार्म असं मैत्रिणींना सांगते आणि गवताने खाज येते म्हणून गाडीतून उतरत नाही. तशीच ती गाडीत मोबाइल बघत बसली. आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. भात कापून बरेच दिवस झाले होते. खाचरांत नुसती खुंटं होती आणि टॉवरच्या सावल्या पार मधल्या बांधापर्यंत आल्या होत्या.

"नवा घेतला तं मी गेल्यावर पन चालंल गो," बाबा म्हणाला. "जुना माजेपुरता होईल. मना काय कलत नाय. तू सांग, नवा घेऊ का?"

तेव्हा मला नीट कळलं, शोरूममध्ये तो वरून माझ्याकडे का बघत होता ते. ट्रॅक्टरचं मला काही विचारतच नव्हता तो.

मी काय सांगायला हवं होतं, हे मला आजही माहीत नाही. 'घे' म्हणायचं तर त्यात एक वचन होतं, की तू गेल्यावर मी येईन, मी नाही तर माझी पोर येईल, ही तीन खाचरं पडू देणार नाही. मला ते जमणार नव्हतं. मला वाफा आणि खाचर यातला फरक माहीत आहे, पण भात कधी लावायचं ते माहीत नाही. मला शनिवारीसुद्धा बँक असते. 'नको' म्हणायचं तर त्याच्या तोंडावर सांगायचं, की हे सगळं तुझ्याबरोबर संपणार, बाबा. तेही जमेना. मी खाली बघितलं, चप्पल चिखलात नव्हती तरी झटकली आणि म्हटलं, "तुला आवडेल तो घे ना, बाबा."

आमच्या घरात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. बाबालाही होता. त्याने मान डोलावली, खाली वाकून एक खुंट उपटलं, मुळाची माती बघितली आणि परत तिथेच टाकलं.

"जुनाच घेतो," तो म्हणाला.

जुना ट्रॅक्टर चांगल्या दिवशी घरी आला. आईने एवढा विरोध केला होता, पण औक्षण तिनेच केलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, हळदकुंकू लावताना डोळे पुसले. बाबाने रंगवणाऱ्याला बोलावलं होतं. तो हायवेवर ट्रकांच्या पाट्या रंगवतो. त्याने बॉनेटवरचं देवीचं नाव नव्याने उजळलं, लाल रंगाला पांढरी किनार दिली, फार सुंदर. मग तो डबे घेऊन मागे आला.

"ही नावं घासून टाकतो," तो मडगार्डकडे बोट दाखवत म्हणाला. "घरातली कोणाकोणाची टाकायची, बोला."

आईने माझ्याकडे बघितलं. लेक पायरीवर बसून काहीतरी टाइप करत होती, तिला काही ऐकूच गेलं नाही. मला एकदम सहन होईना, मी म्हटलं, "माझं टाका. पूर्वीसारखं."

बाबा हसला. टोमणा नव्हता त्यात, खरंच मायेने हसला. "येशील तू नांगराला?" त्याने विचारलं.

ब्रश डब्यात बुडवून रंगवणारा थांबला होता. ब्रशवरून पिवळा रंग परत डब्यात ठिबकत होता. एक हो म्हणायचं होतं मला. खोटं तर खोटं, चांगल्या दिवशी म्हणून टाकायचं. सगळे जण म्हणतात. मी त्या ठिबकणाऱ्या रंगाकडेच बघत राहिले.

"राहू दे," बाबा रंगवणाऱ्याला म्हणाला. "हायत तीच राहू दे. पोरांची नावं घासायची नसतात."

पावसाआधीच्या नांगरटीला मी रजा काढून गेले. काही मदत करायला नाही, आईने डबा दिला होता तो पोचवायला. बाबाने दोन खाचरं उलथून काढली होती आणि तो टॉवरच्या गेटपाशी ट्रॅक्टर बंद करून कपाळ पुसत होता. काळी ढेकळं उन्हात चकाकत होती, बगळे उतरले होते. गेटवर नवीन वॉचमन होता, बोलण्यावरून लातूर-नांदेडकडचा वाटला. त्याच्या घरचीही शेती असणार, कारण तो खुर्ची सोडून ट्रॅक्टरपर्यंत येऊन बघत उभा होता. मी बांधावर होते, त्या दोघांची पाठ माझ्याकडे होती.

"मामा, बेस नांगरलंय," तो म्हणाला. मग मडगार्डवरची नावं एकेक करून मोठ्याने वाचली, आधी मुलाचं, मग पलीकडे जाऊन मुलीचं. "नातवंडं व्हय तुमची?"

बाबाने टॉवेल खांद्यावर टाकला.

"हो," तो म्हणाला. "माजीच."