आधीच्या मिस्त्रीला घातलेली शिवी

मंडळी, आज माझीच मला लाज वाटली, म्हणून लिहितोय.

इकडे आखातात, अल दुहैलमध्ये एका जुन्या व्हिलाचं काँक्रीटचं अंगण फोडून नवीन करायचं काम आलंय. वर भेगा पडल्यात, आतल्या सळ्या गंजून फुगल्यात. जुनं काम फोडताना आधीच्या मिस्त्रीला शिव्या घालायच्या, ही आमच्या धंद्याची रीतच. मीही ब्रेकर बंद करून मालकांना म्हणालो, "बाबा, कुठल्या गाढवानं केलं होतं हे?"

म्हातारे मालक दारात खुर्ची टाकून बसले होते. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "तुझ्याच देशाचा होता. इथली जमीन खारी, त्याला तो काय करणार? ओतल्यावर आठवडाभर रोज ड्युटी सुटली की यायचा आणि काँक्रीट भिजत राहावं म्हणून वर अंथरलेल्या गोणपाटावर पाणी मारायचा. शुक्रवारीसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे रजेवर गावी गेला, तो तिकडेच वारला. त्याच्या अंगणात माझी सगळी मुलं खेळली."

मी ब्रेकर बाजूला ठेवला.

त्यांनी विचारलं, "नवीन ओतलंस की तू येशील पाणी मारायला?"

आम्ही आज ओततो आणि उद्या दुसऱ्या साइटवर असतो. मी सवयीनं म्हणालो, "इन्शाल्ला."

"अल्लाचं अल्ला बघेल," ते म्हणाले. "तू येणार का, ते सांग."

कामगारांच्या कॅम्पवर येऊन दोन तास झाले. बाबांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. खरं सांगा, तुम्ही काय म्हणाला असतात?